झाकणं

अबू शगारात पाचव्या मजल्यावर आमची खोली,
मधे प्लायवूडची भिंत. पलीकडे एक सिंधी जोडपं,
अलीकडे मी, माझे हे, आणि सकाळी सातपासून
सात मुलं.
पाटी लावली नव्हती. लावता येणारही नव्हती.
मंडणगडला चौदा वर्षं बालवाडी चालवली,
त्याचा दाखला ट्रंकेत, साड्यांच्या खाली.

लियाकत सारंग एसी दुरुस्त करायचा.
पगार कागदावर पुरेसा दिसला तेव्हा बायकोमुलांना आणलं:
थोरला मुबीन सात वर्षांचा, धाकटा उमेर तीनचा.
मुबीनला थेट दुसरीत बसवलं.
उमेरच्या केजीची फी ऐकून लियाकत हसला,
"टीचर, एवढ्याशा पोराला शिकवायचं ते काय?
खेळेल घरात. पहिलीत घालू."
म्हटलं, माझ्याकडे खेळू दे.
"पैसे?"
माझा एसी महिनाभर नुसता गुरगुरत होता.
ठरलं. दोन वर्षांची फी, एक कंप्रेसर.

बिस्किटांच्या डब्यात झाकणं जमवली होती मी,
पाण्याच्या बाटल्यांची निळी, लबानची हिरवी.
त्यांच्यावर मोजणी, त्यांच्यावर रंग, त्यांच्यावरूनच मारामारी.
"माझं झालं, आता तू घे"
हे एवढं वाक्य उमेरच्या तोंडी यायला
रमजानपासून दिवाळीपर्यंत वेळ लागला.
बँकेतल्या साहेबांची ओवी नर्सरी सुटली की यायची,
चालताना पेटणारे बूट घालून.
ती त्याला इंग्रजी महिने शिकवायची,
तो तिला बाजारभाव: सात निळ्यांना एक हिरवं.

लिफ्टमध्ये त्याचा हात आधी फक्त दोनपर्यंत जायचा.
मग तीन.
पाचच्या बटणावर बोट टेकलं त्या दिवशी
मजल्यावरची सगळी दारं वाजवून आला पोरगा.

एक संध्याकाळ मात्र मी कुणाला सांगितलेली नाही.
मुबीन धाकट्याला न्यायला आला होता.
दप्तर पाठीवरून न काढता उंबऱ्यावर उकिडवा बसला
आणि हळूच म्हणाला, "मी पण लावू झाकणं?"
आठ वर्षांचा.
दुसरीची पुस्तकं त्याच्या डोक्यावरून जात होती,
हे मला त्याच्या बसण्यावरूनच कळलं होतं.
कुकर लागलेला, एक मूल रडत होतं, एकाची चड्डी ओली,
मी म्हटलं,
"तू मोठा ना आता."
तो उठला. भावाची चप्पल शोधून दिली त्याने.

हुशार होता तोही.
घर एक, आई एक, रात्रीचा भात एकाच पातेल्यातला.

आता उमेर एका कंपनीत बसतो.
बाप एसी खांद्यावरून चढवायचा,
हा कुठल्या भिंतीतून हवा जाईल ते पडद्यावर आखतो.
पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आला, पाया पडायला वाकला,
"टीचर, तुमच्यामुळे."
मी पेढा खाल्ला. गोड लागला, खोटं कशाला बोलू.
ओवी कॅनडात आहे. ती कुठेही गेलीच असती.

काल गुडघ्याचं औषध मागवलं.
दारात हेल्मेट, मोटारसायकलच्या धुळीचे डोळे.
पावतीवरचं माझं नाव बोटाने ओळ धरून वाचलं त्याने,
मग मान वर केली.
"टीचर?"
पाणी दिलं. उभ्यानेच प्यायला, पुढची ऑर्डर वाजत होती.
आमच्या ह्यांची चौकशी केली, लियाकतच्या पाठीचं सांगितलं.
उमेरचं सांगताना त्याचा चेहरा असा उजळला
की मला खाली बघावं लागलं.

जाता जाता बाटलीचं झाकण फिरवत म्हणाला,
"ती झाकणं आहेत अजून?"

"छे रे, कधीच टाकली," मी म्हटलं.

डबा पलंगाखाली आहे.
त्याने ते निळं झाकण बाटलीवर घट्ट लावलं,
बाटली माझ्या हातात दिली
आणि जिन्याने गेला. लिफ्ट यायला वेळ लागतो.